अ आणि ब यांचा निष्पक्ष निकाल

३ मार्च, सोमवार

आज आयुष्याला कलाटणी मिळाली. विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीपासून एम.ए.ला नवा पेपर सुरू होतोय, आंतरराष्ट्रीय संबंध. पाठ्यपुस्तक एकच लावायचं आहे आणि स्पर्धेत दोन आहेत. एक आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास, दुसरं आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत. दोन्ही वाचून अठ्ठावीस तारखेच्या मीटिंगमध्ये मत द्यायचं ते मी आणि धाकट्या मॅडमनी. आमचं जमलं नाही तरच प्रमुख मधे पडणार. मग ते जे म्हणाले ते शब्दशः लिहून ठेवतो. पुस्तकं ज्याला नीट कळली असतील, पेपर त्याला देऊ.

म्हणजे मलाच. धाकट्या मॅडमना लागून जेमतेम दोन वर्षं झालीत. मी एकोणीस वर्षं सकाळी साडेसातला पहिल्या वर्षाला 'लेखनकौशल्य' शिकवतोय. निम्मा वर्ग बाकावर डोकं ठेवून असतो. एकदा एक जण घोरायला लागला तेव्हा बाकीच्यांनी त्याला उठवलं नाही, मला आवाज कमी करायला सांगितला.

केबिनमधून निघालो तो तरंगतच. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरलो.

संध्याकाळी: घोटा टम्म सुजलाय. बायको फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे सहानुभूती मिळाली नाही, सूचना मिळाल्या. पट्टी, बर्फ, पाय सतत उंचावर, तीन आठवडे घरी. म्हणजे वाचायला वेळच वेळ. नशीब कसं काम करतं बघा.

संकल्प: दोन्ही पुस्तकं आठवड्यात संपवणे. टिपणं काढणे. चहा दोनच वेळा.

४ मार्च, मंगळवार

पुस्तकं अजून आली नाहीत. प्रमुखांनी दोन्ही प्रकाशकांना माझ्या घरचा पत्ता कळवलाय. तोवर धोरण आखलं.

धाकट्या मॅडम सिद्धांतवाल्या आहेत, सगळ्या विभागाला माहीत आहे. म्हणजे त्या आधीच एका गोटात. प्रमुख तटस्थ राष्ट्र. मी एकटाच खरा स्वतंत्र. यालाच सत्तासंतुलन म्हणतात. एवढं मला पुस्तक न वाचताही येतं.

पण स्वतंत्र असून भागत नाही, निष्पक्ष दिसावंही लागतं. मुखपृष्ठावर मोठं नाव असलं की वाचणारा आधीच वाकतो. म्हणून मी नाव, मुखपृष्ठ, प्रस्तावना, काहीही न बघता वाचणार. दोन्ही पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर. एक अ, एक ब. अ ला पिवळा मार्कर, ब ला हिरवा. असं आजवर आमच्या विभागात कुणी केलेलं नाही. केलं असतं तर विभाग असा नसता.

चहा: चार वेळा. पण पुस्तकं आल्यापासून संकल्प लागू होतो.

५ मार्च, बुधवार

पुस्तकं आली. दोन्ही एकाच पार्सलात. दोन वेगळे प्रकाशक, बाजारात एकमेकांचे वैरी, आणि तरी ज्ञानाच्या कामासाठी एकत्र आले. देशादेशांतलं सहकार्य असंच कुठेतरी सुरू होत असणार. भरून आलं.

डोळे मिटून बसलो आणि बायकोला सांगितलं, पार्सल तूच फोड, पुस्तकं मला दाखवू नकोस, दोन्हींना कव्हर घाल, नावबिव असलेली पुढची पानं स्टेपल करून टाक, आणि एकावर अ लिही, एकावर ब. तिला क्लिनिकला उशीर होत होता. तिने विचारलं, कुठल्यावर अ लिहू. मी म्हटलं, ते मला कळता कामा नये, त्यातच तर सगळं आहे. ती म्हणाली, अरे पण ही दोन्ही सारखीच दिसतायत. मी म्हटलं, सारखी दिसावीत म्हणूनच कव्हर घालायचं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. डोळे मिटलेले असले तरी लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते कळतं. मग म्हणाली, बरं.

कव्हरं छान घातली आहेत. कोपरे अगदी टोकदार.

६ मार्च, गुरुवार

आज आणखी एक पार्सल आलं. कडक पुठ्ठ्याचं. बायकोच्या क्लिनिकचं असणार, ते ताणायचे रबरी पट्टे वगैरे. मी उघडलं नाही. दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ करायची नाही हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व आहे. मात्र टेबलाखाली ठेवून त्यावर टाच टेकवली तर उंची अगदी हवी तशी. उशी घसरायची, हे घसरत नाही. वर टॉवेलची घडी ठेवली.

वाचन: नाही. पिवळा मार्कर वाळलेला निघाला.

८ मार्च, शनिवार

नवा मार्कर आला. अ उघडलं. पहिलं वाक्य पाच ओळींचं आहे. शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरलो, म्हणून परत वर गेलो. असं तीनचारदा झालं. मग लक्षात आलं की खोलीत उजेड डावीकडून येतो आणि मी उजवीकडे बसलोय. टेबल हलवायला हवं. टेबल हलवायला पाय हवा. बायको रात्री येईल तेव्हा बघू.

रात्री ती दमून आली होती. टेबल आहे तिथेच आहे.

९ मार्च, रविवार

उपाय सापडला. मोठ्याने वाचायचं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला वाचता येत नाही आणि टीव्हीवरच्या मालिकांत कोण कुणाचा कोण हे तिला सांगत बसायला कुणाला वेळ नाही. तिला समोर बसवलं आणि अ वाचायला घेतलं. म्हटलं, झोप लागली तर लागू दे.

ती काही झोपली नाही. पहिल्याच प्रकरणात दोन राजदूतांची गोष्ट आहे. तहाची बोलणी करायला आलेत, दालनाला दार एकच, आणि आधी आत कोण जाणार यावर दोघं अडून बसलेत. जो आधी जाईल त्याचा राजा मोठा. संध्याकाळ होत आली तरी दोघं दारात उभेच. आई म्हणाली, बसायला तरी दिलं का कुणी. पुस्तकात तसा उल्लेख नव्हता. शेवटी गवंडी बोलावून भिंत फोडली, दुसरं दार पाडलं आणि दोघं एकाच वेळी आत गेले. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, तुझा काका आणि तुझे बाबा असेच होते, फक्त आमच्याकडे गवंडी आला नाही.

मीही हसलो. खरं सांगायचं तर किती वर्षांत असं पुस्तक वाचलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

पुस्तक अ म्हणजे काय चीज आहे. दर पानावर पिवळा. समासात लिहितोय: वा. अप्रतिम. एके ठिकाणी लिहिलं, या लेखकाच्या पायाशी बसावं. हे पुस्तक सिद्धांताचंच असणार यात शंका नाही. युद्धं आहेत, तह आहेत, सनावळ्या आहेत, पण त्यामागे विचार आहे. इतिहासाला हे जमत नाही.

आई रोज चार वाजता स्वतःच येऊन खुर्चीत बसते. काल सातआठ देशांनी मिळून एका छोट्या देशाचे तुकडे वाटून घेतले ते ऐकून तिने संध्याकाळी चहा घेतला नाही.

मी घेतला. तिसरा. पण तिचा वाया गेला असता.

१४ मार्च, शुक्रवार

धाकट्या मॅडमचा फोन. पायाची चौकशी केली. राजनैतिक शिष्टाचार, दुसरं काही नाही. मग म्हणाल्या, सर, सिद्धांताच्या पुस्तकातलं लहान देशांवरचं प्रकरण वाचलंत का, मोठ्यांमध्ये राहून लहान देश आपलं कसं चालवून घेतात, ते मला फार आवडलं. मी म्हटलं, फारच उत्तम, तीनदा वाचलं. असं बोलावं लागतं. समोरच्याला आपला साठा किती आहे ते कळू द्यायचं नसतं.

फोन ठेवून अ आडवंतिडवं चाळलं. असं प्रकरण नाही. ब चाळलं. त्यातही नाही. म्हणजे मॅडमनी पुस्तक वाचलेलंच नाही. कुठल्याशा वेबसाईटवर दोन ओळी वाचून मला गुंडाळायला निघाल्या होत्या. वाईट वाटलं. तरुण आहेत, हुशार आहेत, थोडी मेहनत घेतली असती तर.

१५ मार्च, शनिवार

अ संपलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. आईने विचारलं, पुढे. म्हटलं, पुढे आपणच. तिला हे फारसं पटलं नाही.

आठवड्यात दोन्ही संपवायचा संकल्प होता, त्यातलं निम्मं झालं. आठवडा कुठल्या दिवशी सुरू झाला यावर ते अवलंबून आहे.

१७ मार्च, सोमवार

ब सुरू केलं. फरक पहिल्या पानापासून जाणवतो. पहिलंच वाक्य पाच ओळींचं. लेखकाला थांबायचं कुठे ते कळत नाही. आज पट्टीखाली खाज सुटली होती, बायकोने सकाळीच व्यायामावरून सुनावलं होतं आणि शेजारी भिंतीला ड्रिल चालू होतं. पण मी या गोष्टींचा मतावर परिणाम होऊ देत नाही. ब हे पुस्तक उथळ आहे. नुसत्या सनावळ्या. हे नक्कीच इतिहासाचं.

१८ मार्च, मंगळवार

आज एक काळजीची गोष्ट झाली. चार वाजता आईला ब मधलं पहिलं प्रकरण वाचून दाखवत होतो. यातही ती दाराची गोष्ट आहे. असणारच, इतिहास सगळ्यांना सारखाच. पण अ मध्ये ती काय रंगली होती, इथे तिची पार माती केलीय. मी वाचत असताना आई म्हणाली, हे झालंय की आपलं वाचून. मी म्हटलं, आई, ते पहिलं पुस्तक, हे दुसरं. ती म्हणाली, तेच आहे हे. आता गवंडी येईल बघ.

आणि पुढच्याच ओळीत गवंडी आला.

मी पुस्तक मिटलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन वेगळ्या गोष्टी एक वाटायला लागणं हे चांगलं लक्षण नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या आईला अख्ख्या नात्यातले वाढदिवस पाठ आहेत, तुला माझा आठवत नाही. विषय बदलणं हा वाटाघाटींतला जुना डाव आहे.

२० मार्च, गुरुवार

घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं.

आज ब वाचताना एक वाक्य आलं आणि मला वाटलं, हे कुठेतरी ऐकलंय. अ उघडलं. तेच वाक्य. शब्दन्शब्द. स्वल्पविरामासकट. मग मागचा परिच्छेद बघितला. तोही तोच. पुढचं पान. तेच.

चोरी. उघड्यावर चोरी. ब च्या लेखकाने अ मधून उचललंय. आणि उचलूनही त्याचा इतका कचरा केलाय हे मला जास्त लागलं. समासात हिरव्याने लिहिलं, याला लिहायला कुणी सांगितलं होतं.

जगात एवढे प्राध्यापक, एवढे समीक्षक, कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं कुणाच्या, तर साडेसातच्या तासाला पोरं झोपवणाऱ्या माणसाच्या. बाल्कनीत जाऊन एका पायावर थोडा नाचलो. शेजाऱ्याचं ड्रिल थांबलं.

२१ मार्च, शुक्रवार

प्रकरण वाटलं त्यापेक्षा मोठं आहे. पान क्रमांकसुद्धा तेच. अ मधल्या एकशेबाराव्या पानावरचा नकाशा ब मध्येही एकशेबाराव्याच पानावर. चोराला निदान पानं तरी हलवायची लाज हवी होती. अहवाल लिहायला घेतला. शीर्षक: एका वाङ्मयचौर्याचा शोध.

बायकोला दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवले. तिने दोन्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, तू ती पुढची पानं उघडून बघितलीस का. मी म्हटलं, निकाल लागेपर्यंत नाही, नाहीतर इतक्या दिवसांची निष्पक्षता पाण्यात जाईल. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला पेशंटचा फोन आला.

मग जाता जाता तिने विचारलं, टेबलाखाली ते पार्सल काय मागवलंयस. मी नुसता हसलो. स्वतःचे पट्टे विसरते आणि मला विचारते. आमच्या घरात सगळ्यांचीच स्मरणशक्ती हल्ली.

२२ मार्च, शनिवार

प्रमुखांना मेसेज पाठवला. अठ्ठावीसच्या मीटिंगमध्ये एक स्फोटक गोष्ट उघड करणार आहे, शक्य झाल्यास प्राचार्यांनाही बोलवावं. त्यांचा उलट फोन आला. आवाजात आदर होता. म्हणाले, नक्की खात्री आहे ना. मी म्हटलं, पुरावे टेबलावर ठेवीन. ते म्हणाले, मग प्राचार्यांना सांगतो.

तटस्थ राष्ट्र माझ्या गोटात आलं.

२४ मार्च, सोमवार

पट्टी निघाली. काठी घेऊन चालायला परवानगी. पण बसलो की पाय उंचच हवा, असं बायकोचं म्हणणं. पार्सल कामाला येतंय. एका बाजूने थोडं दबलंय.

आज आईची परीक्षा घेतली, तिच्या नकळत. गप्पांच्या ओघात वार विचारला, तारीख विचारली, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाली, आता मी विचारते, तुझा चष्मा कुठेय. मी तो अर्धा तास शोधत होतो. तिने माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

तरीही डॉक्टरांना एकदा दाखवायला हवं. मीटिंग झाली की.

२६ मार्च, बुधवार

भाषणाची तालीम. आरशासमोर तीनदा, आईसमोर एकदा. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, बाळा, दोन्ही पुस्तकं एकच तर नाहीत ना. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, तू नको त्रास करून घेऊ. तिनेही माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

नव्या पेपरचं वेळापत्रक मनात आखलं. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी अकरा. अकराला माणसं जागी असतात. पहिल्याच तासाला दाराची गोष्ट सांगायची. टेबलाजवळ न बसता सरळ दारातून सुरुवात करायची, म्हणजे मी दारातच उभा राहीन आणि आत येणारच नाही. पोरं विचारतील, सर, आत का येत नाही. आणि मग सांगायचं.

हे आठवून दिवसभर हसतोय.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी

इस्त्रीचा शर्ट. काठी पुसून घेतली. अ आणि ब पिशवीत. अहवालाच्या चार प्रती. धाकट्या मॅडमबद्दल मनात राग नाही. जिंकणाऱ्याने तह उदार अटींवर करावा, नाहीतर पुढे परत युद्ध होतं. अ मध्ये यावर सुंदर विवेचन आहे. (ब मध्येही आहे, पण रटाळ.) त्यांना लेखनकौशल्याचा तास देऊन टाकीन. त्यांना अनुभव मिळेल.

२८ मार्च, संध्याकाळी

आज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मीटिंगच्या खोलीचं दार एकच आहे. धाकट्या मॅडमनी ते धरून ठेवलं आणि म्हणाल्या, या सर. मी म्हटलं, आधी तुम्ही. त्या म्हणाल्या, तुमचा पाय दुखतोय, आधी तुम्ही. मी म्हटलं, अजिबात नाही. मागे प्राचार्य येऊन थांबले होते ते कळलंच नाही. ते मधून आत गेले.

भाषण चांगलं झालं. ते कुणी नाकारू शकणार नाही. प्राचार्य पुढे सरकून बसले. मी अ मधला उतारा वाचला, मग ब मधला, मग दोन्ही नकाशे उंच धरले. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, परिणाम झाला.

मॅडम म्हणाल्या, सर, जरा बघू का. त्यांनी दोन्ही पुस्तकं घेतली आणि स्टेपलच्या पिना नखाने काढल्या. अ चं पहिलं पान बघितलं. ब चं पहिलं पान बघितलं. मग दोन्ही प्रमुखांकडे सरकवली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास. दोन्ही. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. प्रमुख म्हणाले, प्रकाशक नमुना म्हणून दोन प्रती पाठवतात, एक वाचणाऱ्याला आणि एक ग्रंथालयाला, ही नेहमीचीच पद्धत आहे. नेहमीची असेल. एकोणीस वर्षांत माझ्याकडे कुणी नमुना प्रत पाठवलेलीच नाही, मला कुठून माहीत असणार.

प्राचार्य दोन्ही प्रती शेजारी ठेवून पानं उलटत होते. उलटता उलटता मोठ्याने वाचायला लागले. पिवळं: अप्रतिम. तीच ओळ, हिरवं: बाष्कळ. पिवळं: या लेखकाच्या पायाशी बसावं. तीच ओळ, हिरवं: याला लिहायला कुणी सांगितलं होतं. त्यांना थांबवायला कुणीच पुढे आलं नाही. मीही नाही. काठी खाली पडली ती उचलत होतो. बराच वेळ उचलत होतो.

मग प्रमुखांनी विचारलं, आणि सिद्धांताचं पुस्तक. त्या प्रकाशकाने सहा तारखेलाच तुमच्या घरी पोचल्याचं कळवलंय. जाड पुठ्ठ्याचं पार्सल.

माझ्या डाव्या टाचेला घाम फुटला.

मतं मोजली गेली. मॅडमचं एक मत, सिद्धांताच्या पुस्तकाला. माझं इतिहासाच्या बाजूने एक आणि इतिहासाच्या विरोधात एक. प्रमुख म्हणाले, वजा जाता काही उरत नाही. त्यांना मधे पडावं लागलंच नाही. पेपर मॅडमना. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी अकरा.

निघताना प्रमुख म्हणाले, मात्र आपल्या विभागात हे पुस्तक दोनदा वाचलेले तुम्ही एकटेच. हे कौतुकाने म्हणाले की कसे, यावर टॅक्सीत बराच विचार केला. मग विचार करणं थांबवलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मला नुसता पेपर नको होता, मला ते पुस्तक शिकवायचं होतं.

२९ मार्च, शनिवार

बायकोला सगळं सांगितलं. ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. नुसतं माझा पाय मांडीवर घेऊन घोटा बघितला आणि म्हणाली, सूज उतरली. म्हणजे तिला वाईट वाटलंय.

टॉवेल काढून पार्सल उघडलं. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत, दोन प्रती. अनुक्रमणिकेत सातवं प्रकरण: मोठ्यांमधले लहान देश. मॅडमनी वाचलं होतं. सगळंच वाचलं होतं त्यांनी.

संकल्प: हे पुस्तक दोन दिवसांत वाचून काढणे आणि सोमवारी प्रमुखांना दाखवून देणे.

३० मार्च, रविवार

पहिलं वाक्य सहा ओळींचं आहे.

३१ मार्च, सोमवार

साडेसातला लेखनकौशल्य. दाराची गोष्ट सांगायची म्हणून दारातच उभा राहिलो. आत येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने शिपाई म्हणाला, सर, दार लावायचंय, आवाज बाहेर जातो. मग आत गेलो.

सिद्धांताच्या दोन्ही प्रती मॅडमना दिल्या. वरच्या प्रतीचा कोपरा दबला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, टपालात असंच होतं. त्या म्हणाल्या, हो सर, होतं. मग म्हणाल्या, पहिल्या तासाला ती दाराची गोष्ट सांगू का, तुमच्या भाषणात फार आवडली मला. मी म्हटलं, सांगा. गवंडी येतो तिथे जरा थांबून सांगा, म्हणजे रंगते.

घरी आल्यावर पाय दुखत होता. टेबलाखाली आता पार्सल नाही. अ आणि ब दोन्ही ठेवले असते तर उंची बरोबर झाली असती. पण अ खाली ठेवायला हात होईना. फक्त ब ठेवलं. पाय थोडा खाली राहतो. चालवून घेईन.

चार वाजता आई येऊन खुर्चीत बसली. तिला म्हटलं, तुझी स्मरणशक्ती एकदम उत्तम आहे. ती म्हणाली, मला माहीत आहे. मग विचारलं, आज कुठलं वाचणार. मी म्हटलं, पहिलंच परत घेतो.

ती म्हणाली, हो, तेच घे. दुसऱ्यात काही दम नव्हता.